डुलणाऱ्या पंपाकडे नव्हे, गप्प टाक्यांकडे पाहा

वाचकाचे पत्र, नाव-गाव वगळून, थोडक्यात:

पश्चिम टेक्सासमध्ये नोकरी करणारे एक वाचक लिहितात की, शहराच्या हद्दीबाहेर त्यांना १४ एकरांची चौरस आकाराची जागा मिळते आहे आणि तिचा भाव आजूबाजूच्या जागांच्या जवळजवळ निम्मा आहे. कारण उघड आहे. जागेवर दोन तेलविहिरी आहेत. एकीवरचा पंपजॅक, म्हणजे वर-खाली डुलणारा तेलपंप, चालू आहे, दुसरीवरचा कित्येक वर्षांत हललेला दिसत नाही. शिवाय आग्नेय कोपऱ्यात कुंपणाच्या आत सहा टाक्या, एक पंपघर आणि खारे पाणी जमिनीत सोडण्याची विहीर, म्हणजे ज्याला तिथे ‘सॉल्टवॉटर डिस्पोजल’ म्हणतात ती व्यवस्था आहे. विक्रेता म्हणतो, “त्यांचा माणूस दिवसातून एकदा येऊन जातो, बाकी काही त्रास नाही.” वाचकांचा हिशेब असा आहे की, जमीन आपली झाली की यंत्रे हलवायला सांगता येईल, विहिरी जुन्या असल्याने काही वर्षांत तशाही बंद पडतील, घर बांधायला कुणी हरकत घेतली नाही म्हणजे अंतर सुरक्षित आहे, आणि नाहीच जमले तर जागा विकता येईल. दोन लहान मुले आणि दर वर्षी काही महिने येऊन राहणारे आईवडील यांच्यासाठी त्यांना मोकळे घर हवे आहे. करारावर सही झाली असून ऑप्शन पीरियडचे, म्हणजे कारण न देता व्यवहार सोडता येण्याच्या मुदतीचे, नऊ दिवस उरले आहेत. पत्नीला मात्र ती जागा नको आहे. “पंपाचे काही वाटत नाही, पण त्या टाक्यांजवळ राहावेसे वाटत नाही,” एवढेच त्या म्हणतात. वाचकांचे प्रश्न दोन आहेत: घर विहिरीपासून किती फुटांवर बांधावे, आणि पत्नीची भीती निराधार आहे हे तिला कसे पटवावे?

उत्तर:

तुमच्या दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आधी देते, कारण ते छोटे आहे. पटवू नका. तुमच्या पत्नीला कारण सांगता आलेले नाही, पण बोट त्यांनी नेमक्या जागी ठेवले आहे. तुमच्या पत्रात पंपजॅकवर पाच-सहा वाक्ये आहेत आणि टाक्यांवर एक. डोळा हलणाऱ्या वस्तूकडे जातो, त्यामुळे तेलविहिरीच्या जागी गेलेला जवळजवळ प्रत्येक जण त्या वर-खाली डुलणाऱ्या लोखंडी मानेकडे पाहतो आणि तिच्या आवाजाची चौकशी करतो. घर बांधणाऱ्याने मात्र त्या स्तब्ध उभ्या असलेल्या टाक्यांपासून सुरुवात केली पाहिजे.

विहिरीतून नुसते तेल येत नाही. खडकात कोट्यवधी वर्षे अडकलेले पाणी तेलाबरोबर वर येते, आणि विहीर जितकी जुनी तितका पाण्याचा वाटा वाढत जातो. एका पिंप तेलामागे दहा पिंपे पाणी निघणे जुन्या क्षेत्रांत नवलाचे नाही. (तेलाचे एक पिंप म्हणजे ४२ गॅलन, सुमारे १५९ लिटर.) समुद्राच्या पाण्यात लिटरमागे साधारण ३५ ग्रॅम क्षार असतात, पश्चिम टेक्सासच्या पर्मियन खोऱ्यातल्या या पाण्यात ते १०० ग्रॅमच्या सहज वर जातात. त्याबरोबर तेलाचा अंश, बेंझिन, बेरियम, काही ठिकाणी हायड्रोजन सल्फाइड आणि अल्प प्रमाणात रेडियम असते. हे पाणी टाक्यांमध्ये साठवून, त्यावर तरंगणारे तेल काढून घेऊन, उरलेले पंपाने दाब देऊन खोल खडकात सोडले जाते. म्हणजे पंपजॅक हा एका विहिरीचा व्यवहार असतो, पण कोपऱ्यातली ती व्यवस्था कदाचित पंधरा-वीस विहिरींचे सांडपाणी गिळत असेल, आणि त्यांतली एकही विहीर तुमच्या जागेवर नसेल. विक्रेत्याच्या ‘माणूस एकदा येऊन जातो’ या वाक्यातून यातले काहीच कळत नाही.

आता तुमच्या हिशेबातले पहिले गृहीत पाहू: जमीन माझी, म्हणून यंत्रे हलवायला सांगण्याचा हक्क माझा. सातबाऱ्याची सवय असलेल्या आपल्या माणसांची इथे फार लवकर फसगत होते. भारतात जमिनीखालच्या तेलावर जमीनमालकाचा हक्क नसतो हे आपल्याला ठाऊक असते, त्यामुळे ‘वरची जमीन आपली, खालचे सरकारचे’ एवढ्यावर आपण विचार थांबवतो. टेक्सासमध्ये खालचेही खासगी मालकीचे असते आणि ते वरच्यापासून तोडून वेगळे विकता येते. पूर्वीच्या एखाद्या मालकाने पन्नास-साठ वर्षांपूर्वी खनिज हक्क स्वतःकडे राखून फक्त पृष्ठभाग विकला असेल, तर तुम्हीही फक्त पृष्ठभागच विकत घेत आहात. आणि त्या राज्याच्या कायद्यात खनिज हक्क वरचढ मानला जातो: तेल काढण्यासाठी वाजवी गरजेइतका पृष्ठभाग वापरण्याचा, म्हणजे रस्ता, विहीर, टाक्या आणि वाहिन्या ठेवण्याचा अधिकार खनिज हक्काबरोबर आपोआप येतो. तुमची परवानगी त्यासाठी लागत नाही. ओक्लाहोमात १९८२ पासून आणि न्यू मेक्सिकोत २००७ पासून पृष्ठभागाच्या मालकाला नुकसानभरपाई देण्याचा स्वतंत्र कायदा आहे. टेक्सासमध्ये तसा सर्वसाधारण कायदा नाही.

या वरचढपणाला एक मर्यादा मात्र आहे आणि ती कशी आली ते सांगण्यासारखे आहे. एका शेतकऱ्याने शेतात स्वतः फिरत पाणी शिंपडणारी यंत्रणा बसवली होती आणि गेटी ऑइल कंपनीचे पंपजॅक इतके उंच होते की ती यंत्रणा त्यांना अडत होती. १९७१ मध्ये टेक्सासच्या सर्वोच्च न्यायालयाने या खटल्यात असे तत्त्व मांडले की, पृष्ठभागाचा आधीपासून चालू असलेला वापर मोडत असेल आणि तेल काढणाऱ्याजवळ दुसरा वाजवी मार्ग असेल, तर त्याने तो मार्ग घ्यावा. यातल्या ‘आधीपासून चालू असलेला’ या शब्दांकडे लक्ष द्या. तिथे यंत्रणा आधीची होती. तुमच्या बाबतीत पंप आणि टाक्या आधीच्या आहेत आणि घर अजून कागदावरही नाही. हे तत्त्व उद्याच्या नव्या विहिरीच्या वेळी तुमच्या घराच्या उपयोगी पडू शकेल. आज उभ्या असलेल्या टाक्या हलवण्यासाठी त्याचा आधार मिळेल असे समजू नका.

पण खाऱ्या पाण्याच्या विहिरीचे प्रकरण वेगळे आहे, आणि इथे तुमची बाजू तुम्हाला वाटते त्यापेक्षा थोडी बळकट असू शकते. खनिज हक्कातून मिळणारा पृष्ठभागाचा वापर त्या जमिनीतल्या तेलापुरता असतो. दुसऱ्या जमिनीवरचे पाणी आणून इथे जिरवायचे असेल, तर पृष्ठभागाच्या मालकाची संमती सामान्यतः लागते. म्हणून विचारायचा प्रश्न असा की, या टाक्यांत पाणी येते कुठून? बाहेरून येत असेल, तर कधी तरी कुण्या मालकाने करार केलेला असणार. बहुधा पिंपामागे काही पैसे ठरलेले असणार. आणि तो करार काउंटी क्लर्कच्या, म्हणजे जमिनीचे दस्त नोंदवणाऱ्या स्थानिक अधिकाऱ्याच्या, दप्तरी नोंदवलेला असेल तर जमिनीबरोबर तुमच्या गळ्यात येणार. त्याची मुदत किती, तो आपोआप वाढतो का, पाण्याचे प्रमाण वाढवण्याचा हक्क दिला आहे का, गळती झाली तर जमीन पूर्ववत करण्याची जबाबदारी कुणाची, आणि पैसे नव्या मालकाला मिळणार की विक्रेत्याने ते स्वतःकडे राखले आहेत, हे त्या कराराच्या प्रतीशिवाय कळणार नाही. विक्रेत्याला ती प्रत मागा. ‘कागद सापडत नाही’ हे उत्तर आले, तर माझ्या मते तो पुरेसा इशारा आहे.

दुसरे गृहीत विहिरी ‘बंद’ होण्याचे. या एका शब्दात आपण तीन निरनिराळ्या अवस्था कोंबतो. झडप फिरवून थांबवलेली विहीर बंद असते, वर्षानुवर्षे न चालवता फक्त ताब्यात ठेवलेली विहीर बंद असते, आणि आत ठिकठिकाणी सिमेंट भरून कायमची बुजवलेली विहीरही बंदच असते. यांतली फक्त शेवटची तुम्हाला हवी आहे. टेक्सासच्या नियमाप्रमाणे काम थांबल्यापासून वर्षभरात विहीर बुजवावी लागते, पण मुदतवाढ मिळते आणि ती पुन्हा पुन्हा घेता येते. तुमचा तो न हलणारा पंप बहुधा अशाच मुदतवाढीवर उभा आहे. चालवणारी कंपनी दरम्यान बुडाली, तर विहीर बेवारस होते आणि बुजवण्याचे काम सरकारी यादीत जाते. त्या यादीत हजारो विहिरी आहेत. २०२१ च्या पायाभूत सुविधा कायद्यात साऱ्या देशातल्या बेवारस विहिरींसाठी ४.७ अब्ज डॉलर ठेवावे लागले, यावरून व्याप्ती लक्षात येईल. आणि पाणी जिरवण्याची विहीर तर तेल संपल्यावरही चालू राहते, कारण तिचे गिऱ्हाईक आजूबाजूचे सारे क्षेत्र असते. उलट अनुभव असा आहे की, कोरडी पडलेली तेलविहीरच पुढे पाण्याच्या विहिरीत बदलली जाते.

कायमची बुजवलेली विहीरही विसरण्यासारखी नसते. तिचा लोखंडी नळ जमिनीखाली तीन फुटांवर कापतात, त्यामुळे वर काहीच दिसत नाही, आणि जुन्या नोंदींतले ठिकाण प्रत्यक्षापासून बरेच सरकलेले असू शकते. घराचा पाया चुकून तिच्यावर येऊ नये म्हणून लोखंड शोधणाऱ्या मॅग्नेटोमीटरने पाहणी करून घेतात. २०२२ च्या सुरुवातीला टेक्सासच्या क्रेन काउंटीत एका जुन्या, बुजवलेल्या विहिरीतून खारे पाणी कारंज्यासारखे उंच उडाले होते. असे क्वचित होते, पण घर त्याच्या शेजारी असलेल्या माणसाला ‘क्वचित’ या शब्दाचा आधार वाटत नाही.

आता अंतराकडे येऊ. घर बांधायला कुणी हरकत घेतली नाही म्हणजे अंतर सुरक्षित, हे तुमचे तिसरे गृहीत सगळ्यांत धोक्याचे आहे, कारण ते सगळ्यांत साहजिक वाटते. अंतराचे बहुतेक नियम नव्या विहिरीने जुन्या घरापासून किती दूर राहावे ते सांगतात. नव्या घराने जुन्या विहिरीपासून किती दूर राहावे, यावर ते गप्प असतात. आणि टेक्सासमध्ये शहराच्या हद्दीबाहेर तर काउंटीला बांधकामावर फारसा अधिकारच नसतो. तुम्ही पंपाच्या कुंपणाला टेकून घर बांधलेत तरी कदाचित कुणी अडवणार नाही. परवानगी मागावीच लागत नाही तिथे ‘हरकत आली नाही’ याला काय अर्थ आहे?

१७ एप्रिल २०१७ रोजी कोलोरॅडोतल्या फायरस्टोन या गावात एक घर स्फोटात उद्ध्वस्त झाले आणि दोन माणसे मरण पावली. विहीर आधीची होती, घर नंतर तिच्यापासून २०० फुटांच्या आत बांधलेले होते. पण स्फोटाचे कारण विहिरीचे तोंड नव्हते. वापरातून गेलेली म्हणून समजली जाणारी, एक इंच व्यासाची जमिनीखालची वाहिनी विहिरीला जोडलेलीच राहिली होती आणि घराच्या पायाजवळ कापली गेली होती. तिच्यातून वायू मातीत झिरपत तळघरात साठला. म्हणून मी विहिरीपासूनच्या फुटांइतकेच महत्त्व जमिनीखालच्या वाहिन्यांना देते. दोन विहिरी आणि सहा टाक्या असलेल्या तुमच्या जागेत त्या नक्कीच आहेत, आणि जुन्या, टाकून दिलेल्या वाहिन्याही असतील. खणण्यापूर्वी ८११ वर, म्हणजे जमिनीखालच्या वाहिन्या दाखवून देणाऱ्या सेवेला, फोन करणे आवश्यकच आहे, परंतु विहिरीपासून टाकीपर्यंतच्या खासगी वाहिन्या त्या व्यवस्थेत नोंदलेल्या असतीलच असे नाही. ऑपरेटरकडून, म्हणजे विहिरी चालवणाऱ्या कंपनीकडून, नकाशा लेखी मागावा आणि तरीही खासगी शोधपथक बोलवावे.

त्याच कोलोरॅडो राज्याने २०१९ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, प्रतिकूल परिस्थितीत २,००० फुटांपर्यंत राहणाऱ्यांना डोकेदुखी, चक्कर, श्वसनाचा त्रास यांसारखे अल्पकालीन परिणाम होऊ शकतात असा अंदाज आला, आणि २०२० मध्ये तिथल्या नियामक मंडळाने नव्या विहिरींसाठी घरांपासून २,००० फूट अंतराचा नियम स्वीकारला. सरकारी विम्याच्या, म्हणजे एफएचए कर्जाच्या मार्गदर्शिकेत मात्र चालू विहिरीपासून ७५ फूट आणि नव्या विहिरीच्या खोदकामाच्या जागेपासून ३०० फूट असे आकडे येतात. हे आकडे इतके वेगळे का, असे तुम्ही विचाराल. कर्ज देणाऱ्याचा प्रश्न तारण शाबूत राहील का एवढाच असतो. तुमचा प्रश्न मुले वर्षानुवर्षे तिथे श्वास घेतील त्याचा आहे. कुणाचा आकडा कशासाठी आहे ते पाहिल्याशिवाय तो उचलू नये.

माझा स्वतःचा, कुठल्याही कायद्यात नसलेला कौल असा की, चालू टाक्या आणि पाणी जिरवण्याची विहीर यांच्यापासून १,००० फुटांच्या आत लहान मुलांचे घर बांधू नये, आणि जमेल तितके २,००० च्या जवळ जावे. आता तुमच्या जागेला हा आकडा लावून पाहा. १४ एकर म्हणजे सुमारे ६ लाख १० हजार चौरस फूट. जागा चौरस आकाराची असल्याने एक बाजू साधारण ७८० फुटांची आणि कोपरा ते कोपरा कर्ण सुमारे १,१०० फुटांचा होतो. टाक्या आग्नेय कोपऱ्यात आहेत. अगदी वायव्य कोपऱ्यात, शेजाऱ्याच्या हद्दीला चिकटून घर बांधलेत तरच तुम्ही हजार फुटांच्या आसपास पोहोचता. घर, अंगण, मुलांची खेळायची जागा, सांडपाण्याची टाकी आणि पिण्याच्या पाण्याची बोअर हे सारे त्या कोपऱ्यात मावत नाही, आणि मधल्या दोन विहिरींचा हिशेब तर यात धरलेलाच नाही. तुमच्या पहिल्या प्रश्नाचे उत्तर म्हणून मला असे द्यावे लागते आहे: जितक्या फुटांवर घर बांधावे तितके फूट या जागेत नाहीत. याच कारणाने चाळीस-पन्नास एकर पाहणाऱ्या वाचकांना माझे उत्तर वेगळे असेल. त्यांना अंतर विकत घेता येते, तुम्हाला येत नाही.

अंतराइतकाच महत्त्वाचा प्रश्न तिथल्या वायूचा. पश्चिम टेक्सासच्या पुष्कळ क्षेत्रांत तेलाबरोबर हायड्रोजन सल्फाइड येतो. तो हवेपेक्षा जड असतो, म्हणून वारा पडलेला असला की सखल भागात साचतो. अगदी कमी प्रमाणात त्याला सडक्या अंड्यांचा वास येतो, पण दशलक्षात १०० भागांच्या सुमारास वासाची जाणीवच मरते, आणि अमेरिकेच्या कामगार-आरोग्य संस्थेने हीच पातळी जिवाला तातडीचा धोका असलेली म्हणून ठरवली आहे. म्हणजे ‘वास येईनासा झाला’ ही दिलाशाची खूण नसते. टाक्यांच्या कुंपणापाशी वाऱ्याची दिशा दाखवणारी कापडी नळी फडफडत असेल किंवा विषारी वायूची पाटी असेल, तर ती शोभेसाठी लावलेली नाही. अशा ठिकाणी ऑपरेटरला राज्याच्या नियम क्रमांक ३६ प्रमाणे वायू फुटल्यास १०० आणि ५०० भागांची पातळी किती दूरवर पोहोचेल त्याची त्रिज्या काढावी लागते. ती विचारा, आणि नकाशावर कंपासने वर्तुळ काढून तुमचा वायव्य कोपरा आत येतो का ते पाहा. मुलांच्या बाबतीत आणखी एक: टाकीच्या शिडीवर चढून वरचे झाकण उघडणाऱ्या मुलांचे आणि तरुणांचे जीव आतल्या वाफांनी आणि स्फोटांनी गेले आहेत. कुंपण ही तुमच्या दहा वर्षांच्या मुलासाठी अडचण नाही, ती हौस आहे.

आग हा प्रकार लोकांना फक्त तेलाशी जोडावासा वाटतो, पण खाऱ्या पाण्याच्या टाक्या विजेच्या कडकडाटात वारंवार पेटतात. त्या बऱ्याचदा फायबरग्लासच्या असतात, कारण खारे पाणी लोखंड खाते. फायबरग्लास वीज वाहून नेत नाही, आत तेलाचा पातळ थर आणि त्याची वाफ असते, आणि माळरानावर तीच सगळ्यांत उंच वस्तू असते. जवळचे अग्निशमन दल किती मैलांवर आहे आणि ते स्वयंसेवकांचे आहे का, हे विचारून ठेवा. भूकंपाबद्दल फार लिहीत नाही: खोल खडकात पाणी सोडल्याने भूकंप होतात हे ओक्लाहोमातल्या ३ सप्टेंबर २०१६ च्या ५.८ तीव्रतेच्या पॉनी भूकंपानंतर वादाचे राहिलेले नाही. तुमच्या कामाची गोष्ट एवढीच की घराच्या साध्या विमा पॉलिसीत भूकंप आणि प्रदूषण दोन्ही सामान्यतः वगळलेले असतात.

जमीन आणि पाणी यांच्याविषयी मात्र थोडे थांबून लिहायला हवे, कारण ते नुकसान दिसत नाही आणि भरूनही येत नाही. खारे पाणी सांडलेल्या मातीत दशकानुदशके काही उगवत नाही. जागेवर फिरताना गवत नसलेले पांढुरके पट्टे दिसले, तर ते आधी सर्व्हेअरच्या नकाशावर टिपून घ्या. टेक्सासमध्ये खारे पाणी उघड्या मातीच्या खड्ड्यांत सोडण्यावर १९६९ पासून बंदी आहे, म्हणजे त्यापूर्वीच्या क्षेत्रात असे खड्डे होते आणि ते पुढे नुसते माती लोटून बुजवले गेले असण्याची शक्यता धरावी लागते. जुनी हवाई छायाचित्रे पाहणारी पर्यावरणीय पाहणी, तिला ‘फेज वन’ म्हणतात, हे खड्डे बऱ्याचदा शोधून काढते. तेलक्षेत्रातले जुने नळ कुंपणाच्या खांबांसाठी फुकट मिळतात आणि सगळे वापरतातही, परंतु त्यांच्या आतल्या कवचात रेडियम साठलेले असू शकते. अशा नळांचा झोपाळा मुलांसाठी करू नये.

बोअरचे पाणी प्यायचे असेल, तर खरेदीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेकडून तपासून घ्या आणि नमुना तिच्याच माणसाला घेऊ द्या, म्हणजे उद्या वाद झाला तर निकाल ग्राह्य ठरेल. क्लोराइड, सोडियम, एकूण विरघळलेले क्षार, बेरियम, स्ट्रॉन्शियम, ब्रोमाइड, मिथेन आणि बेंझिन-टोल्युइनचा गट एवढे तरी पाहावे. क्लोराइडची शिफारस केलेली मर्यादा लिटरमागे २५० मिलिग्रॅम आणि बेंझिनची सक्तीची मर्यादा ५ मायक्रोग्रॅम आहे, पण या मर्यादा सार्वजनिक नळयोजनांना लागू असतात. खासगी बोअरकडे कुणीही पाहत नाही, ती तुमची तुम्हीच पाहायची असते. आजचा निकाल चांगला आला तर तो जपून ठेवावा, कारण पुढे पाणी बिघडल्यास ‘ते आधीपासून तसेच होते’ या युक्तिवादाला तोच एक उतारा असतो.

तुमचे चौथे गृहीत, नाही जमले तर विकू, याबद्दल एकच विचारते. तुम्हाला ही जागा निम्म्या भावात का मिळते आहे? जे गिऱ्हाईक आज विक्रेत्याला मिळत नाही, ते दहा वर्षांनी, वर चार-पाच लाख डॉलरचे घर बांधल्यावर, तुम्हाला कुठून मिळणार? सूट जमिनीवर मिळते. घर बांधायचा खर्च पूर्णच करावा लागतो, आणि विकताना ती सूट साऱ्या मालमत्तेवर द्यावी लागते. शिवाय पुढच्या खरेदीदाराला कर्ज देणारी संस्थाही तेव्हा ७५ आणि ३०० फुटांची टेप घेऊन येईल.

तर मार्ग कोणते उरतात? या जागेवर घर बांधू नये, हे माझे मत झाले. विक्रेत्याने टाक्यांचा कोपरा व्यवहारातून वगळून देऊ केला, तर भुलू नका, कारण त्याने जबाबदारी थोडी कमी होईल, अंतर इंचभरही वाढणार नाही. जागा फक्त गुंतवणूक किंवा चराऊ रान म्हणून घ्यायची असेल, तर पाण्याच्या कराराचे पैसे कुणाला मिळतात यावर तो व्यवहार कदाचित चांगलाही ठरेल. पण तो वेगळा व्यवहार आहे आणि त्यात मुलांच्या खोल्या नाहीत. मोठी जागा पाहणाऱ्या वाचकांनी मात्र खनिज हक्काच्या मालकाकडून पृष्ठभाग न वापरण्याची लेखी हमी, निदान घराभोवतीच्या ठरावीक एकरांपुरती, मिळते का ते पाहावे. टायटल विम्यात, म्हणजे मालकी हक्काच्या विम्यात, खनिज आणि पृष्ठभाग-नुकसानीचे पूरक कलम मागावे. आणि ऑपरेटरशी पृष्ठभाग-वापर करार करताना रस्ता कोणता, रात्रीचे दिवे कोणत्या दिशेला, नवी वाहिनी कुठून, गळतीची सूचना किती तासांत आणि निकामी यंत्रे किती महिन्यांत उचलायची, हे सारे लिहून घ्यावे. तोंडी सौजन्य कंपनी विकली गेली की संपते, आणि या धंद्यात विहिरी लहान लहान कंपन्यांच्या हातांतून सतत फिरत असतात.

आता तुमचे नऊ दिवस. माझे मत ऐकून न थांबता स्वतः खात्री करायची असेल, तर आज संध्याकाळी फाटकावरच्या पाटीचा फोटो काढा. लीजचे, म्हणजे तेल काढण्याच्या पट्ट्याचे नाव, विहिरीचा क्रमांक आणि ऑपरेटरचे नाव तिथे लिहिणे सक्तीचे आहे. त्यावरून ‘रेलरोड कमिशन ऑफ टेक्सास’च्या संकेतस्थळावर शोध घेता येतो. (नावावर जाऊ नका, १८९१ मध्ये रेल्वेसाठी स्थापन झालेल्या या आयोगाकडे आता रेल्वे उरलेली नाही, तेल आणि वायू आहेत.) ऑपरेटरची वार्षिक नोंदणी, म्हणजे पी-५, चालू आहे का, पाणी सोडण्याचा वार्षिक अहवाल, एच-१०, किती पिंपे आणि किती दाब दाखवतो, आणि ते आकडे वाढत आहेत का, विहिरीची दाबचाचणी, एच-५, शेवटची कधी उत्तीर्ण झाली, आणि परवान्यात किती पाणी सोडण्याची मुभा आहे, हे तिथे पाहा. परवाना आणि प्रत्यक्ष यांत मोठी तफावत असेल, तर आजची शांतता ही मुभा न वापरल्याची शांतता आहे. खनिज हक्कांची साखळी काउंटी क्लर्ककडे शोधायला लँडमन, म्हणजे असे जुने दस्त तपासणारा व्यावसायिक, लावा, तुमच्या इस्टेट एजंटाने ते काम जाता जाता केले असे सांगितले तरी. आणि एका पहाटे, वारा नसताना, पत्नीला घेऊन वायव्य कोपऱ्यात तासभर उभे राहा, मग एखाद्या रात्री फाटकाबाहेर गाडी लावून बसा. पाणी वाहिनीने येते की टँकरने, हे तेव्हा कळेल. एका टँकरमध्ये साधारण १३० पिंपे मावतात, म्हणजे दिवसाला तीन-चार हजार पिंपे टँकरने येत असतील तर तुमच्या मुलांच्या सायकलच्या रस्त्यावरून चोवीस तासांत पंचवीस-तीस टँकर भरून येतील आणि तितकेच रिकामे परत जातील.

पाण्याच्या तपासणीचा निकाल नऊ दिवसांत हाती येणे कठीण आहे. त्यासाठी ऑप्शन पीरियड वाढवून मागा आणि वाढ दोघांच्या सह्यांनिशी लेखी घ्या. विक्रेत्याने नकार दिला तर व्यवहार सोडा. सोडायचा झाल्यास तोंडी कळवून भागत नाही. टेक्सासच्या नेहमीच्या छापील करारात मुदतीच्या शेवटच्या दिवशी संध्याकाळी पाच वाजेपर्यंत लेखी सूचना पोहोचावी लागते. ती वेळेत गेली तर कारण न देता अनामत परत मिळते, ऑप्शनसाठी दिलेली रक्कम तेवढी जाते. तुमच्या करारातली तारीख पत्र वाचून होताच काढून पाहा, आणि पाच ही वेळ जागा जिथे आहे तिथली धरतात हे लक्षात असू द्या.